शर्यत नसतांना गणवेष कशासाठीं ?

बीडहून निघणाऱ्या कोणत्याहि रस्त्यावर हिंवाळ्यांतील पहाटेस कोणी उभा राहिला, तर धांवणाऱ्या तरुणांच्या टोळ्या त्याच्या दृष्टीस पडल्यावांचून राहत नाहींत. पोलीस व सैन्य यांच्या भरतीसाठीं शरीर कमावणारीं हीं मुलें. पुष्कळदां त्यांच्या अंगांत एकाच रंगाचे टी-शर्ट असतात आणि पाठीवर त्यांना शिकविणाऱ्या संस्थेचें नांव छापलेलें असतें. भरतीचा दिवस तर अद्याप दूर असतो. छाती व उंची मोजणारा अधिकारी तेथें नसतो; टाळ्या वाजविणारे प्रेक्षकहि नसतात. मग हा सारखा पोशाख कोणाकरितां ?

हाच प्रश्न परदेशांतील धंदेवाईक सायकलस्वारांविषयीं नेहमीं विचारला जातो. शर्यतीच्या दिवशीं एका संघाच्या सर्व गड्यांनीं एक पोशाख घालावा, हें कोणासहि समजतें. दीडशें-पावणेदोनशें स्वार एकाच रस्त्यावरून घोळक्यानें धांवत असतां आपला कोण व परका कोण, हें क्षणांत ओळखतां आलें पाहिजे. परंतु शर्यत संपवून घरीं आलेला स्वार दुसऱ्या दिवशीं सरावासाठीं एकटाच गांवाबाहेर निघतो, तेव्हांहि त्याच्या अंगावर तोच झगझगीत, नांवांनीं भरलेला सदरा असतो. पाहणारास वाटतें, हा केवळ मिरविण्याचा सोस. आमच्या मतें ही समजूत चुकीची आहे. आणि ती कां चुकीची आहे हें पाहूं गेल्यास, सराव म्हणजे काय याविषयींहि आपणांस थोडेंबहुत शिकतां येईल.

प्रथम या धंद्याचें स्वरूप लक्षांत घेतलें पाहिजे. क्रिकेटच्या मोठ्या सामन्यास मैदान असतें, मैदानास कुंपण असतें व कुंपणाच्या दारावर तिकीट घेणारा मनुष्य असतो. खेळाडूच्या मानधनाचा कांहीं भाग त्या दारांतून येतो. सायकलच्या शर्यतीस असें दारच नाहीं. फ्रान्स देशाची सायकलवरून प्रदक्षिणा घालणारी ‘टूर द फ्रान्स’ ही शर्यत १९०३ सालीं सुरू झाली. हल्लीं ती २१ टप्प्यांची असून तिचें अंतर साधारणत: ३,४०० किलोमीटर असतें. एवढ्या लांबीच्या रस्त्यास कुंपण कोण घालणार, आणि तिकिटें कोण फाडणार ? शेतकरी आपल्या बांधावर उभा राहून, मुलें आपल्या शाळेच्या भिंतीवर बसून ती शर्यत फुकट पाहतात. मग स्वारांचे पगार, त्यांच्या सायकली, त्यांच्यामागून चालणाऱ्या मोटारी, वैद्य, कारागीर व स्वयंपाकी या सर्वांचा खर्च येतो कोठून ? याचें उत्तर त्या स्वारांच्या पाठीवरच लिहिलेलें असतें. ज्या पेढ्या व कारखाने आपलें नांव त्या पाठीवर छापवून घेतात, तेच हा खर्च उचलतात.

ही रीति आजकालची नव्हे. टूर द फ्रान्स ही शर्यत निघाली तीच मुळीं ‘लोतो’ नामक वर्तमानपत्राचा खप वाढविण्यासाठीं. १९१९ सालीं, सर्वांच्या आघाडीवर असलेला स्वार लोकांस चटकन् ओळखूं यावा म्हणून त्यास पिवळा सदरा देण्यांत येऊं लागला, व तो प्रथम युजीन क्रिस्तोफ याच्या अंगावर चढला. ‘लोतो’ पत्र पिवळ्या कागदावर छापलें जात असे, ही गोष्ट येथें ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. इटली देशांतील मोठ्या शर्यतींत १९३१ पासून आघाडीच्या स्वारास गुलाबी सदरा मिळतो. तिकडील क्रीडापत्राचा कागद गुलाबी होता व अद्यापहि आहे. आरंभीं संघांचे पोशिंदे म्हणजे सायकली व टायर तयार करणारे कारखानदारच असत. पुढें सायकली मोठ्या प्रमाणावर खपेनाशा झाल्या आणि कारखानदारांचा हात आंखडला. तेव्हां १९५४ सालीं फिओरेन्झो मान्यी या इटालियन स्वारानें निव्हिआ या त्वचेच्या मलमाच्या पेढीचा आश्रय मिळविला. सायकलीशीं कांहीं संबंध नसलेल्या मालाचें नांव मोठ्या संघाच्या सदऱ्यावर आल्याचें हें आरंभींचें प्रसिद्ध उदाहरण होय. आज बँका, दूरध्वनि कंपन्या, विमा कंपन्या, किराणा मालाचीं मोठीं दुकानें, इतकेंच काय पण कांहीं देशांचीं सरकारेंहि संघ पोसतात, व संघांस नांवेंहि बहुधा त्यांचींच असतात.

आश्रयदात्याचें नांव दिसणें ही संघाच्या जिवावरची गोष्ट कशी आहे, हें एका उदाहरणानें स्पष्ट होईल. एचटीसी-हायरोड नांवाचा एक संघ होता. विजयांच्या संख्येंत तो आपल्या काळीं जगांतील अग्रगण्य संघांत मोडत असे. असें असूनहि नवा आश्रयदाता न मिळाल्यामुळें २०११ च्या अखेरीस तो मोडला, आणि त्यांतील नामांकित स्वारांपासून सायकली पुसणाऱ्या कारागिरांपर्यंत सर्वांस दुसरीकडे काम शोधावें लागलें. विजय पुष्कळ होते, परंतु ते विकत घेणारा कोणी उरला नव्हता. ज्या धंद्यांत तिकिटाचा दरवाजा नाहीं, तेथें पाठीवरचें कापड हेंच उत्पन्नाचें शेत. तें शर्यतीच्या दिवशींच तेवढें पिकवावें व इतर दिवशीं पडीक ठेवावें, असें कोणता शहाणा म्हणेल ?

आतां हे ‘इतर दिवस’ किती असतात तें पाहूं. चांगला धंदेवाईक स्वार वर्षांत साधारणत: ३०,००० किलोमीटर सायकल चालवितो. शर्यतीचे दिवस मात्र साठ ते ऐंशींच्या आंत-बाहेर असतात. सरासरीनें सत्तर दिवस धरले व दिवसास १६० किलोमीटर धरले, तर शर्यतींत ११,००० किलोमीटरांच्या आसपास अंतर भरतें. उरलेलें सुमारें १९,००० किलोमीटर अंतर म्हणजे सरावच. म्हणजे या मनुष्याच्या तीन हिश्शांच्या श्रमांपैकीं जवळजवळ दोन हिस्से प्रेक्षकांच्या टाळ्यांवांचून, खेड्यापाड्यांतील रस्त्यांवर खर्च होतात. त्याला पगार मिळतो तो बाराहि महिने मिळतो. केवळ साठ-सत्तर दिवसांचा नव्हे. सराव ही त्याच्या कामाची पूर्वतयारी नसून तें त्याचें कामच आहे, आणि कामावर असतांना कामाचा पोशाख घालावा हा सर्व जगाचा शिरस्ता आहे. टपालवाला ज्या दिवशीं एकच पत्र वांटावयाचें असेल, त्या दिवशींहि खाकी कपडे घालूनच निघतो.

या शिरस्त्यास कराराचेंहि बळ आहे. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनें स्वार व संघ यांच्यासाठीं जो नमुन्याचा करार ठरविला आहे, त्यांत स्वारानें कराराच्या मुदतींत दुसऱ्या संघासाठीं काम करूं नये व आपल्या संघाच्या आश्रयदात्यांखेरीज इतरांची जाहिरात करूं नये, अशा अर्थाची अट आहे. सायकलस्वाराच्या कपड्यावर कोणाचें ना कोणाचें नांव असावयाचेंच. तेव्हां सरावास जातांना त्यानें बाजारांतला दुसरा सदरा चढविला, तर न कळत परक्या कारखान्याची जाहिरात होऊन करार मोडण्याचा प्रसंग यावयाचा. त्यापेक्षां संघाचा सदरा घालणें सोपें. शिवाय संघ वर्षारंभींच प्रत्येक स्वारास पेटी भरून कपडे देतो. उन्हाळ्याचे निराळे, थंडीचे निराळे, पावसाचे निराळे. रोज घामानें भिजणारे म्हणून प्रत्येकाचे अनेक जोड. घरीं फुकटचे कपडे गठ्ठ्यानें पडले असतां पदरचे पैसे मोडून दुसरे कोण घेईल ? मोठ्या दिसणाऱ्या पुष्कळ गोष्टींच्या मुळाशीं असें एखादें साधें घरगुती कारण असतें, हें वाचकांनीं विसरूं नये.

हा खेळ आतां आपल्या दारापर्यंत येऊन ठेपला आहे. १९ ते २३ जानेवारी २०२६ या दिवसांत पुणें जिल्ह्यांत ‘पुणें ग्रँड टूर’ नांवाची ४३७ किलोमीटरांची टप्प्याटप्प्यांची शर्यत झाली व तींत देशोदेशींचे संघ आपापल्या रंगांत सह्याद्रीच्या पायथ्याचे रस्ते व घाट चढून गेले. आपल्याकडील मुलांनीं आजवर जे सदरे चित्रांतच पाहिले होते, ते त्या रस्त्यांवर प्रत्यक्ष पाहावयास मिळाले. तेव्हां त्या सदऱ्यांचें रहस्य समजून घेणें हें निव्वळ परदेशचें कुतूहल राहिलेलें नाहीं.

येथवर पैशाची बाजू झाली. परंतु पोशाखाचें कारण सर्वस्वीं पैशांतच आहे असें मानणें म्हणजे अर्धें सत्य सांगणें होय. दुसरें कारण त्या कपड्याच्या शिलाईंत आहे. आपल्या जिल्ह्यांतील हजारों कुटुंबें दसरा उलटला कीं ऊसतोडीसाठीं पश्चिम महाराष्ट्रांत व कर्नाटकांत जातात. त्यांतील बाया उसाच्या फडांत शिरतांना लुगड्यावर पुरुषी, पुऱ्या बाह्यांचा सदरा चढवितात. तो शोभेसाठीं नव्हे. उसाच्या पात्यास करवतीसारखी धार असते. ती हातांस कापूं नये म्हणून. प्रत्येक कष्टाच्या कामानें आपला पोशाख असा गरजेंतून घडविला आहे. सायकलस्वाराचा पोशाखहि असाच घडला.

त्याचा सदरा अंगाशीं घट्ट असतो. सपाटीवर वेगानें जातांना स्वाराची बहुतेक शक्ति हवेचा अडथळा तोडण्यांत खर्च होते, आणि ढिला सदरा शिडासारखा फुगून त्या अडथळ्यांत भर घालतो. सदऱ्याचे खिसे पुढें नसून पाठीवर, कमरेच्या वरच्या बाजूस असतात. स्वार पुढें वांकून बसतो. पुढच्या खिशांतील केळें किंवा पाण्याची बाटली लोंबकळून मांड्यांस लागावयाची व खालीं पडावयाची. पूर्वीं हे सदरे लोंकरीचे असत. हल्लीं ते कृत्रिम धाग्यांचे असतात. सुती कापड घाम शोषून घेतें, पण सोडीत नाहीं. घाट चढतांना भिजलेला सुती सदरा उतारावर वारा लागतांच अंगास बर्फासारखा झोंबतो. कृत्रिम धागा घाम बाहेरच्या अंगास आणून सोडतो व तो वाऱ्यानें उडून जातो.

चड्डीची गोष्ट याहूनहि महत्त्वाची. दिवसास चार-सहा तास अरुंद सीटवर बसावयाचें, आणि तेवढ्या वेळांत हजारों वेळां पाय खालीं-वर करावयाचे. घर्षणानें कातडी सोलते, घामानें ती चिघळते आणि केंसाच्या मुळाशीं गळवें धरतात. मोठमोठे स्वार या क्षुल्लक दिसणाऱ्या दुखण्यानें शर्यत सोडून गेलेले आहेत. म्हणून चड्डीच्या आंत मऊ गादी शिवलेली असते. पूर्वीं ती कमावलेल्या मऊ कातड्याची असे, हल्लीं स्पंजासारख्या पदार्थाची असते. ही गादी कोणत्या कंपनीची, तिची शिवण कोठून गेली आहे, सीटची उंची तिला जुळते कीं नाहीं, हें सर्व सरावांतच पारखून घ्यावें लागतें. नव्या वहाणा घालून पंढरीची वाट धरणाऱ्याचे पाय पहिल्याच मुक्कामास फोडांनीं भरतात. अनुभवी वारकरी त्या वहाणा आधीं गांवांतल्या गांवांत मळवून घेतो. जें शर्यतींत घालावयाचें तें सरावांत घालून अंगवळणीं पाडलेलें असावें, हा त्यांतील मर्म.

तिसरें कारण ओळखीचें व संरक्षणाचें आहे. हिंवाळ्यांत, डिसेंबर-जानेवारीच्या सुमारास, पुष्कळ संघ स्पेनसारख्या ऊबदार प्रदेशांत जाऊन एकत्र सराव करतात. तेथें एकाच डोंगरावर अनेक संघांचे स्वार भेटतात. मागून मोटारींत येणाऱ्या शिक्षकास दूरच्या वळणावर आपला मनुष्य पडला कीं परका, हें रंगावरून कळतें. एकट्या स्वारास अपघात झाला तर वाटसरूसहि त्याच्या सदऱ्यावरून कोणास कळवावयाचें याचा माग लागतो. परंतु याहून मोठी गोष्ट पुढें आहे. शर्यतीच्या दिवशीं रस्ता बंद केलेला असतो. पोलीस प्रत्येक चौकांत उभे असतात. सरावाच्या दिवशीं तोच रस्ता मालमोटारींचा, ट्रॅक्टरांचा, घाईंत असलेल्या मोटारवाल्यांचा असतो. मिशेल स्कार्पोनी हा इटलीचा नामांकित स्वार मोठमोठ्या पर्वतांवरील अवघड उतार सुखरूप उतरून आला होता. पण २२ एप्रिल २०१७ रोजीं सकाळीं आपल्या गांवाजवळ, ओळखीच्या रस्त्यावर सराव करीत असतां एका गाडीच्या धडकेनें तो मृत्यु पावला. शर्यतीपेक्षां सराव सुरक्षित, ही समजूत किती भ्रामक आहे तें यावरून दिसून येईल.

म्हणूनच कांहीं संघ सरावासाठीं आपल्या नेहमींच्या रंगाहून अधिक भडक, दुरून डोळ्यांत भरणारा पोशाख मुद्दाम करवितात. शिरस्त्राणाचीहि कथा अशीच आहे. २००३ सालच्या मार्च महिन्यांत पॅरिस-नीस या शर्यतींत कझाकस्तानचा आंद्रेई किविलेव्ह डोक्यावर आपटून मरण पावला. त्यानंतर त्याच वर्षीं धंदेवाईक शर्यतींत शिरस्त्राण सक्तीचें झालें. मात्र नियम झाला तो शर्यतीपुरता. सरावांत डोक्यास शिरस्त्राण घालणें हें ज्याच्या-त्याच्या शहाणपणावर व त्याच्या संघाच्या शिस्तीवर अवलंबून राहिलें. गणवेषाची संवय येथें उपयोगी पडते. गणवेषाचाच एक भाग म्हणून शिरस्त्राण डोक्यावर चढलें, म्हणजे आज घालूं कीं नको असा विचारच मनांत येत नाहीं.

ही ‘विचारच मनांत न येण्याची’ गोष्ट आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. सैन्यांत कवायतीच्या वेळचा पोशाखहि ठरलेला असतो. शत्रु समोर नसतो, परंतु पट्टा घट्ट व बूट स्वच्छ असावाच लागतो. याचें कारण कवायत हीहि नोकरीच होय, ही भावना त्या पोशाखानें अंगीं बाणते. आपल्याच आष्टी तालुक्यांतील मांडवा गांवीं १९९४ सालीं जन्मलेले अविनाश साबळे यांचें उदाहरण घ्या. लहानपणीं शाळा सुमारें सहा किलोमीटर दूर, आणि वाहनाची सोय नाहीं. तें अंतर ते चालत-पळत कापीत. बारावीनंतर ते सैन्याच्या महार रेजिमेंटमध्यें भरती झाले. सियाचीनच्या बर्फांत व राजस्थानच्या वाळूंत त्यांनीं नोकरी केली, आणि २०१५ च्या सुमारास सैन्याच्या अंतर्गत स्पर्धांतून त्यांचें धांवणें पुढें आलें. त्यांची शर्यत तीन हजार मीटरांची असून तींत २८ अडथळे व पाण्याच्या ७ उड्या असतात. २०१८ सालीं त्यांनीं गोपाळ सैनी यांचा ३७ वर्षें टिकून राहिलेला राष्ट्रीय विक्रम मोडला. पुढें २०२२ सालीं बर्मिंगहॅम येथें राष्ट्रकुल स्पर्धेंत रौप्यपदक व २०२३ सालीं हांगझाऊ येथें आशियाई स्पर्धेंत सुवर्णपदक त्यांनीं मिळविलें. जुलै २०२४ मध्यें पॅरिस येथें ८ मिनिटें ९.९१ सेकंदांत ती शर्यत पुरी करून त्यांनीं आपला विक्रम आणखी पुढें नेला. जगानें त्यांस पाहिलें तें त्या आठ-साडेआठ मिनिटांपुरतें. त्या मिनिटांच्या मागें जीं वर्षें आहेत तीं शिपायाच्या शिस्तींत, रोजच्या कवायतींत गेलेलीं आहेत. परीक्षेचा दिवस व सरावाचा दिवस यांत ज्यानें भेद केला नाहीं, त्यालाच परीक्षेच्या दिवशीं नवें कांहीं करावें लागत नाहीं.

यावर एक आक्षेप येण्यासारखा आहे. मनुष्यानें आपल्या पाठीवर साबणाचें नांव छापवून रस्तोरस्तीं हिंडावें, हें त्याच्या प्रतिष्ठेस शोभतें काय ? या आक्षेपांत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. पैशाच्या मोबदल्यांत मनुष्याचें अंग जाहिरातीचा फलक होणें ही कांहीं अभिमानाची गोष्ट नव्हे; आणि ज्या व्यसनाच्या वस्तूंनीं घरें बुडतात त्यांचें नांव कोणत्याहि खेळाडूनें अंगावर बाळगूं नये. परंतु प्रामाणिक कामाचा प्रामाणिक मोबदला देणाऱ्याचें नांव उघडपणें वागविणें यांत लाजिरवाणें तें काय ? लपवून घेतलेल्या पैशापेक्षां पाठीवर लिहून घेतलेला पैसा बरा.

शिवाय या धंद्यांतील लोक मिळालेला सदरा व मिळविलेला सदरा यांत मोठा भेद करतात, हेंहि सांगितलें पाहिजे. संघाचा सदरा नोकरी लागतांच मिळतो. पण टूर द फ्रान्सचा पिवळा सदरा किंवा जगज्जेत्याचा पांच रंगी पट्ट्यांचा सदरा कमवावा लागतो. तो न कमवितां शर्यतींत घालतां येत नाहीं, आणि सरावांतहि तसा सदरा मिरविणाऱ्या हौशी माणसाकडे जाणते लोक हंसून पाहतात. हौशी स्वारानें आवडत्या संघाचा सदरा घालण्यास कोणाची हरकत नसावी. पण त्या सदऱ्यानें वेग वाढतो अशी समजूत करून घेऊं नये. नाशिकचे महाजन बंधु, डॉक्टर हितेंद्र व डॉक्टर महेंद्र, यांनीं आपला वैद्यकीचा व्यवसाय सांभाळून २०१५ सालीं अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत, सुमारें ४,८०० किलोमीटर, पाळीपाळीनें सायकल चालवून नऊ दिवसांच्या आंत पार केली. ते धंदेवाईक स्वार नव्हते. अशा अहोरात्र चालणाऱ्या शर्यतींत रात्रीच्या वेळीं अंगावर व सायकलीवर प्रकाश परतविणाऱ्या पट्ट्या असणें हा नियमच आहे. पोशाखाचें मोल ओळखावें तें असें : नांवासाठीं नव्हे, कामासाठीं.

आतां आपल्या रस्त्यांकडे वळूं. १९ जानेवारी २०२५ रोजीं सकाळीं बीडजवळ घोडका राजुरी येथें पोलीस भरतीच्या तयारीसाठीं रस्त्याकडेनें धांवणाऱ्या तरुणांस एका बसची धडक बसली व तीन तरुण प्राणास मुकले. त्यांच्या अंगावर दुसरे कपडे असते तर ते वांचले असते, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. दोष त्यांचा होता असें तर मुळींच नाहीं. आम्ही एवढेंच म्हणतों कीं, ज्यांची परीक्षा अद्याप व्हावयाची होती असे तिघे सरावांतच गेले. म्हणून सरावास परीक्षेइतकीच व्यवस्था हवी. आपल्या जिल्ह्यांत उसाच्या हंगामांत दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर पहाटेपासून रस्त्यावर असतात. कित्येक ट्रॉल्यांस मागें दिवा नसतो. अशा रस्त्यावर अंधारांत गडद कपडे घालून धांवणारा किंवा सायकल चालविणारा मुलगा चालकास दिसतो तो फार उशिरां.

तेव्हां ज्या संस्था आपल्या मुलांस एकसारखे टी-शर्ट देतात, त्यांनीं पाठीवरील नांवाच्या आधीं रंगाचा विचार करावा. झगझगीत पिवळा किंवा नारिंगी रंग दिवसाउजेडीं दुरून उठून दिसतो, कारण तो सूर्याच्या अदृश्य किरणांसहि दृश्य प्रकाशाचें रूप देतो. पण सूर्य नसतांना ही करामत चालत नाहीं. अंधारांत उपयोगी पडते ती प्रकाश आल्या वाटेनें परत पाठविणारी रुपेरी पट्टी. ही पट्टी छातीवर असावीच, पण घोट्यांवर व गुडघ्यांवर असल्यास अधिक बरें. छातीवरील स्थिर चमक म्हणजे रस्त्यावरचा एखादा खांब असेंहि चालकास वाटूं शकतें. खालीं-वर हालणारे पाय पाहतांच मात्र हा चालता-बोलता मनुष्य आहे, हें त्यास दुरूनच कळतें. यास खर्च थोडा येतो. ज्याला तेवढाहि झेंपत नाहीं, त्यानें पांढरा सदरा घालावा, पायीं धांवतांना समोरून येणारीं वाहनें दिसतील अशा उजव्या बाजूनें धांवावें, सायकल मात्र डाव्या कडेनेंच चालवावी, आणि शाळेचें मैदान किंवा गाडीवाट मोकळी असेल तर महामार्ग सोडून तिकडेच जावें.

कोणी विचारील, महागडा सदरा व गादीची चड्डी नसेल तर आमच्या मुलांनीं सराव करूंच नये कीं काय ? तसें मुळींच नाहीं. मांडव्याचा मुलगा शाळेस धांवत गेला तो कोणत्याहि संघाचा सदरा घालून गेला नाहीं. धंदेवाईक स्वाराच्या सदऱ्यांतून आपण घ्यावयाची ती त्यावरील अक्षरें नव्हेत. सरावाच्या सकाळीं अंगांत जें घालावयाचें तें आदल्या रात्रींच धुऊन, वाळवून, घडी घालून उशाशीं ठेवण्याची संवय घ्यावयाची. आज शर्यत नाहीं, आज कोणी पाहत नाहीं, आज अंथरुणांतच पडून राहिलें तरी चालेल, अशी सबब मनांत येते ती पहाटेसच. त्या वेळीं उशाशीं घडी करून ठेवलेला स्वच्छ, उजळ सदरा हा उत्तम शिक्षक आहे. तो मनास सांगतो कीं, कामाची वेळ झाली. आणि रस्त्यावरील चालकास सांगतो कीं, येथें कोणाचा तरी मुलगा कामावर निघाला आहे, जपून जा.